तू थांबलीस तिथं

अक्का,

हेडफोन लावला की तुझा आवाज कानात येत नाही, मानेमागून येतो. तू गेल्यावर पहिल्यांदा लावला तेव्हा मी वळून बघितलं. मागं फक्त कपाट होतं, आणि कपाटाला टेकवलेला तुझ्या व्हिडिओंसाठी आणलेला तीन पायांचा स्टँड. भर दुपार, खाली गल्लीत भंगारवाला ओरडतोय, आणि पन्नाशी उलटलेला माणूस स्वतःच्या बहिणीच्या आवाजाला भिऊन खुर्चीतून उठला. पाणी प्यायलो. परत बसायचा धीर होईना म्हणून जिन्यात जाऊन उभा राहिलो.

तुझ्या दिवसकार्याच्या शिवगणाराधनेला टीव्हीवर लावायला पल्लवीनं व्हिडिओ मागितला होता. लोक येतात, फोटोला नमस्कार करतात, जेवतात, जातात. तसं नको म्हणाली तुझी लेक, आई बोलताना दिसू दे. आणि मग म्हणाली, "मामा, तू कापून टाकलेलं पण बघायचंय मला. चुका, हसणं, सगळं. नीटनेटकी आई तर मोबाईलवर कधीही दिसते."

मी हो म्हणालो. नाही कशाला म्हणतोय म्हणून सांगणार होतो? कापून टाकलेल्यात काय आहे ते जगात मला एकट्याला माहीत होतं. तुलासुद्धा नाही. मी आयुष्यभर कमी बोललो, आणि माझ्या वाटचं तू बोलत गेलीस. आता ती सोय राहिली नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

सुरुवात तूच केलीस की. पल्लवी पुण्यात गेली आणि फोनवर तुला विचारायला लागली, शेंगा चटणीत लसूण कधी घालू, तिखट किती. तू सांगता सांगता चिडायचीस. एकदा फोन आपटून म्हणालीस, "तम्मा, तू दुपारचा रिकामाच असतोस. माझं शूटिंग कर. एकदाच सांगते, मग बघू दे तिला शंभरदा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अव्वा म्हणजे आई. अव्वाची कन्नड आपल्या दोघांत अशा चार हाकांपुरतीच उरलीय, असं मला तेव्हा वाटायचं.

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला, सकाळची पाळी. एडिटिंग हा शब्द मला लग्नाच्या अल्बमवाल्यांपुरता माहीत. इथल्याच भवानी पेठेत नरसूकडं गेलो. त्याच्या घरातले माग विकले गेले तसा तो लग्नाच्या शूटिंगमध्ये शिरला होता. मी शिकायचंय म्हटल्यावर तो बायकोला तेलुगूत काहीतरी बोलला, ती हसली, चहा आला. चहा संपेपर्यंत त्यानं मला कात्रीचं बटण कुठलं ते दाखवलं आणि म्हणाला, "अण्णा, आता घरी जा आन् बिघडव. बिघडवल्याबिगर येत नाही हे."

बिघडवलं की. पहिल्या व्हिडिओत तुझं कपाळ वरच्या वर कापलं गेलेलं, आणि सिलिंडर मात्र अख्खा. दुसऱ्यात चित्र कापलं आणि आवाज कापायचा राहिला. तू तव्यावर पोळी उलटवतेस आणि आवाज म्हणतो, आता छान उकळी येऊ द्या. तू इतकी हसलीस की पदराचा बोळा तोंडात कोंबलास. "हे असंच टाक. लोकांना कळू दे, आमच्याकडं पोळीला उकळी येते." मी टाकलं नाही. मला लाज वाटली. मग एकदा मोबाईलची मेमरी भरली म्हणून मोकळी करायला गेलो आणि कडक भाकरीचा अख्खा दिवस पुसून बसलो. तुला सांगायला जीभ उचलेना. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस, परात ओढलीस आणि परत पीठ मळायला घेतलंस. करपली भाकरी तर परत थापतेच की मी, एवढंच म्हणालीस.

ते ऐकून नरसूनं मला वेगळी हार्ड डिस्क घ्यायला लावली. मूळ शूटिंग कधी पुसायचं नाही, मरेपर्यंत ठेवायचं, हा त्याचा नियम. आणि दुसरा नियम असा, की चूक दिसली की कापायची, आणि कापलेलं दिसू नये म्हणून वरून दुसरं चित्र झाकायचं. हात, कढई, फोडणी, काय पण.

हा दुसरा नियम मला लगेच जमला. तू विचारायचीस, कुणी शिकवलं रे तुला एवढं? कारखान्यानं शिकवलं अक्का. चेकिंगच्या टेबलावरून कापड सरकत असतं आणि नजर फक्त दोषावर थांबते. इतकी वर्षं गेली, चांगलं कापड मी कधी बघितलंच नाही. तुटलेला धागा, डाग, सुटलेली वीण दिसली की तिथल्या तिथं काढायची, घेणाऱ्याला कळता कामा नये. पडद्यावर तसंच होतं. बोलणाऱ्याचा आवाज तिथं रेघेसारखा दिसतो. तू बोललीस की रेघ वर उसळते, गप्प झालीस की आडवी झोपते. ती झोपलेली जागा दिसली की मी कापायचो. नंतर नंतर तर न ऐकताच कापायला लागलो.

आपलं भांडण त्यावरूनच. पहिल्यांदा नीट जमलेला व्हिडिओ तू चष्मा लावून बघितलास आणि विचारलंस, "ही बाई श्वास कधी घेते रे?"

मी म्हणालो, लोक अंगठा हातात घेऊन बसलेले असतात, जरा थांबलं की पुढं सरकतात.

"सरकू दे. ज्याला चटणी करायची तो थांबेल. एवढी फाडफाड तर मी तुझ्या दाजींशी भांडताना पण बोलले नाही. मधलं राहू दे की तम्मा. माणूस थांबतंच."

तू हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिलीस आणि मी ऐकून घेऊन कापत राहिलो. भांडण मी जिंकलो असं नाही. मशीन माझ्या हातात होतं, एवढंच.

थंडी सरता सरता तू एकदा उखळाकडं बोट केलंस आणि म्हणालीस, आता शेंगदाणे या... या... आणि थांबलीस. उखळ. माझ्या ओठांवर मिसरूड नव्हतं तेव्हापासून तू त्यात चटणी कुटत आलीस. शब्द आला नाही. मी हसलो, तू हसलीस. मी ती जागा कापली आणि वर शेंगदाणे उखळात पडतानाचं चित्र टाकलं. इतकं बेमालूम बसलं ते! मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन परत परत लावून बघितलं. नरसूसुद्धा शाबास म्हणाला.

मग उजव्या हातातून उलथनं निसटलं. ते कापलं. मग एकदा मिठाला साखर म्हणालीस, तेही कापलं. आणि मग ती विभूती. आरशाशिवाय कपाळावर तीन रेघा ओढायचीस तू, पट्टी लावल्यासारख्या. त्या दिवशी तिन्ही रेघा उजवीकडं उतरत गेलेल्या. मी त्या व्हिडिओत चेहरा घेतलाच नाही. सगळं चित्र मोठं करून तुझ्या हातांवर आणलं. पल्लवीनं खाली लिहिलं, आज कॅमेरा मस्त जवळून घेतलाय मामा.

नरसूला संशय आला होता. आवाजात खरखर येते म्हणून मूळ शूटिंग घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. ऐकता ऐकता त्यानं विचारलं, "अण्णा, अक्का नेहमी अशी थांबत्यात का?" मी म्हणालो, कॅमेऱ्याला बुजते. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घालून खरखर काढून दिली.

तू कॅमेऱ्याला बुजत नव्हतीस. सिलिंडरवाल्याला बुजली नाहीस कधी, सासऱ्यांना बुजली नाहीस, मोबाईलला काय बुजणार होतीस?

आता सांगतो ते नीट ऐक. एडिटिंग करणारा माणूस समोरच्याचं तोंड जसं बघतो तसं डॉक्टरही बघत नसेल. एका सेकंदाचे तुकडे करून, मागं नेऊन, पुढं नेऊन. तुझ्या ओठांचं उजवं टोक मी खाली घसरताना बघितलं. घसरलं, आणि थोड्या वेळानं परत जागेवर आलं. आणि ते टोक मी आधी एकदा बघितलं होतं. अव्वाचं. बशीतून चहा पिताना तिचा ओठ तसाच उतरला होता आणि चहा हनुवटीवरून पदरावर गळत होता. तू तेव्हा सासरी होतीस. घरात मी एकटा होतो. म्हणजे या जगात ते टोक ओळखू शकणारा एकच माणूस होता, आणि तो तुझ्यासमोर मोबाईल धरून बसला होता.

मी ते टोक कापलं.

भ्यालो, अक्का. दवाखाना, तपासण्या, लकवा हा शब्द ऐकायला लागला असता. आणि त्याच्याही मागं आणखी एक भीती होती, ती मी स्वतःलाही कधी सांगितली नाही. अव्वाला झालं, तुला होतंय, मग तिसरा मी. तुझं नाव निघालं की माझं निघणार. म्हणून मी तुझं निघू दिलं नाही. मला कळलं नाही असं म्हणायची सोय मी किती दिवस शोधली. नाही सापडली.

पण मला सगळ्यात जास्त ती लसणाची दुपार खाते. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तम्मा, मला शब्द सापडंना झालेत. एकदा दवाखान्यात दाखवून येऊ का?"

आणि मी मोबाईल काढून त्याच आठवड्याचा व्हिडिओ तुझ्यासमोर धरला. बघ की, म्हणालो, कुठं अडखळलीस? तू पूर्ण बघितलास, तोंड जरासं उघडं ठेवून, शेजारची बाई बघावी तशी. संपल्यावर म्हणालीस, "व्हय की. चांगली बोलायली मी." तुझ्या तोंडावरचा तो सुटकेचा भाव मी बघितला आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. मग तू तोच व्हिडिओ पल्लवीला पाठवलास. तिचं उत्तर आलं, आई, किती फ्रेश दिसायलीस. दवाखान्याचा विषय तिथंच संपला. तिघांनीही त्या व्हिडिओवर विश्वास ठेवला. तो कसा तयार झाला हे तिघांतल्या एकाला माहीत होतं.

त्यानंतरचं लिहीत नाही. ते सगळ्यांना सांगून झालंय. फक्त एक राहिलंय. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही लक्षणं होती का, बोलताना अडखळणं, हातातून वस्तू पडणं? पल्लवी माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. नाही.

म्हणून त्या दुपारी मी जिन्यात उभा होतो. पाणी प्यायलो म्हणालो तुला, पण डिस्क हातात घेऊनच बाहेर आलो होतो. डिस्क पडली, आता उघडत नाही. किती सोपं वाक्य आहे बघ. नरसूच्या दुकानात असली वाक्यं रोज येतात, लोक हळहळतात आणि चहा पिऊन जातात. मी हात कठड्याबाहेर धरला होता. खाली शहाबादी फरशी. तेवढ्यात पल्लवी जिना चढून वर आली.

"मामा, इथं काय करायलास?"

काही नाही म्हणालो. तिला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन दिला. एक बाजू तिच्या कानाला, एक माझ्या. असं लहानपणी तिला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकायचो.

पोळीच्या उकळीला ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली, अगदी तुझ्यासारखी, तोंडावर ओढणी धरून. मला सगळ्यात जास्त भीती त्या हसण्याची वाटली, कारण पुढं काय आहे ते मला माहीत होतं. उखळ आलं. उलथनं आलं. विभूती आली. तिचं हसणं कमी होत होत थांबलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, आणि नजरेला नजर मिळू नये म्हणून मी खाली बघत होतो.

शेवटी धपाट्यांचा दिवस आला. तुझा शेवटचा. तळहातावर पीठ घेऊन तू थांबतेस. कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, बोल की अक्का, पुढं बोल. तू बोलत नाहीस. तू लेन्सकडं बघतच नाहीस. लेन्सच्या बाजूला बघतेस. माझ्याकडं. मी तेव्हा मोबाईलच्या पडद्यात बघत होतो, चित्र हलतंय का ते. आणि तू अगदी हळू म्हणतेस, "तम्मा, अंजिकी आगतद."

मराठी शब्द सापडेना झाले तेव्हा तुला अव्वाचे सापडले. आणि माझा आवाज म्हणतो, "कन्नड नको अक्का, लोकांना कळत नाही. परत घेऊ." तू कसनुशी हसतेस. पीठ परत मळतेस. परत पहिल्यापासून सुरू करतेस.

पल्लवीनं चित्र मागं नेऊन थांबवलं, हेडफोन काढला. दाजी होते तोवर त्यांच्या बदल्यांमुळं ती कन्नडच्या बाहेरच वाढली, तिला येत नाही.

"मामा, आई काय म्हणाली?"

तिथं अक्का, मला आणखी एकदा कात्री मिळाली होती. पीठ सैल झालं म्हणाली. धपाटं फाटलं म्हणाली. काहीही बसलं असतं, आणि जोड दिसला नसता. पडद्यावर तू तशीच थांबलेली होतीस, पिठाचा हात वर धरून, बाजूला बघत.

"भीती वाटायलीय, म्हणाली."

"आणि तू?"

"परत घेऊ म्हणालो."

तिनं हेडफोन टेबलावर ठेवला. मग विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं?"

"त्याच्या आधीपासून."

तिनं डिस्कची वायर ओढून काढली, गुंडाळली, डिस्कसकट पर्समध्ये टाकली आणि ती गेली. तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. त्यानंतर मी फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा.

शिवगणाराधनेला मी परक्यासारखा गेलो. चपला काढतात तिथं, मागं बसलो. चारचौघांत सांगेल की काय, याची भीती होती. सांगणारच नाही, आणि मी असाच 'लई जीव होता हो बहिणीवर' ऐकत जेवून घरी जाईन, याची जास्त होती. पूजा झाली, जंगम स्वामी बाजूला बसले, आणि टीव्ही लागला.

तिनं एकच लावलं होतं, अक्का. धपाट्यांचं. अख्खं, एकही कात्री न लावता. पडद्यावर तू, कपाळावर उतरत्या रेघा, तळहातावर पीठ. बोलता बोलता थांबलीस. मंडपात सगळे टीव्हीकडं बघतायत. पंखे फिरतायत. वळसंगचे मल्लूदादा पुढून म्हणाले, "अडकलं वाटतं," आणि रिमोट शोधत उठले.

"बसा दादा," पल्लवी म्हणाली. "अडकलं नाही. आई थांबलीय."

ते बसले. आणि सगळे थांबले, अक्का. कुणी सरकलं नाही, कुणी बोललं नाही. तू म्हणायचीस ना, ज्याला करायचं तो थांबेल. मग तू ते वाक्य बोललीस आणि अक्कलकोटकडच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यांना कुणी अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांच्या मागोमाग माझा आवाज आला, टीव्हीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कन्नड नको. परत घेऊ.

माना वळल्या. मी खाली बघणार होतो, सवयीनं. पण पडद्यावर तू अजून तशीच बघत होतीस, लेन्सच्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं. मी उठलो, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत पुढं गेलो आणि टीव्हीच्या त्या अंगाला जाऊन उभा राहिलो. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तुझी नजर जिथं जात होती तिथं एकदा तरी मी असायला हवं होतं. तिथून मी तुझ्याकडं बघितलं, पडदा काळा होईपर्यंत.

पल्लवी अजून माझ्याशी बोलत नाही. त्या दिवशी जेवताना माझ्या पानात वाढून गेली, न बघता. काल मात्र तिचा मेसेज आला. सकाळी तयार राहा, तुझं बीपी आणि बाकीचं सगळं तपासायचंय, मी वेळ घेतलीय, नाही म्हणू नको. बस्स. खाली नाव नाही, काही नाही.

शर्ट घालून बसलोय. उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघतोय. आरशासमोर जाऊन ओठांची टोकं बघायची हिंमत अजून झालेली नाही. खाली तिची गाडी थांबल्यासारखी वाटली. अक्का, अंजिकी आगतद. तू म्हणालीस तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, मलापण. आणि तुझा पिठाचा हात धरून उठायला हवं होतं.